अप्रिय प्रकल्प आणि आपले भागभांडवल
(ज्ञातिमंडळाच्या होटगी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या संमेलनात शिक्षण, विवाह आणि वसतिगृह हे विषय दरवर्षी निघतात. पैसा कसा मिळवावा याची चर्चा क्वचित होते. मिळविलेला पैसा कोठे ठेवावा याची तर मुळीच होत नाही. घरोघरी मात्र हाच विषय आज चालला आहे. तरुण मंडळी हातातल्या फोनवर कंपन्यांचे भाग घेतात आणि वडील मंडळी विचारतात, ‘‘ही कंपनी करते तरी काय?’’ हा प्रश्न जुनाट नव्हे. त्याचाच विस्तार करण्याचे आम्ही योजिले आहे: ज्या प्रकल्पाविषयी लोकांच्या मनात नाराजी आहे, त्याच्या मालक कंपनीचे भाग आपण घ्यावेत काय?

होटगीस हा प्रश्न पुस्तकी नाही. जवळच फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात एन.टी.पी.सी.चे १३२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र उभे आहे. ६६० मेगावॉटचा पहिला संच २०१७ साली व दुसरा २०१९ साली व्यापारी उत्पादनास लागला. पाणी उजनीचे, कोळसा रेल्वेने येणारा. ज्या सोलापूर शहराने वर्षानुवर्षे काही दिवसांआड नळाची वाट पाहिली, त्याच्या शेजारी पाण्यावर चालणारे एवढे केंद्र आले म्हणजे लोक बोलणारच. कोळशाची वीज जेथे जेथे होते तेथे राख, पाणी, जमीन आणि नोकऱ्या हे चार विषय निघतातच. दुसऱ्या बाजूस, वीज नको असे म्हणणारा एकही गृहस्थ आम्हांस भेटलेला नाही. ह्याच कंपनीने २००४ साली ६२ रुपयांस एक याप्रमाणे आपले भाग जनतेस देऊ केले, आणि देशभरच्या साध्या संसारी माणसांनी ते घेतले.

एक खुलासा आरंभीच केला पाहिजे. मंडळाच्या शिक्षणनिधीविषयी आम्ही बोलत नाही. सार्वजनिक विश्वस्तसंस्थांविषयीच्या १९५० च्या अधिनियमाचे ३५ वे कलम विश्वस्तांस असा पैसा बँका, टपाल बचत, सरकारी रोखे इत्यादींत ठेवावयास सांगते. त्यापलीकडे जावयाचे तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. तेव्हा आमचे बोलणे घरच्या पैशाविषयी आहे.

आता थोडा इतिहास पाहू. आपल्या होटगीचे जंक्शन ज्या लोहमार्गावर आहे, तो जी.आय.पी. कंपनीने बांधला. त्या कंपनीच्या विलायतेतील भागधारकांस सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. गाडीस नफा होवो वा तोटा, त्याचे पाच टक्के ठरलेले. तूट भरून निघे ती हिंदुस्थानच्या तिजोरीतून. लोहमार्ग उपयोगी नव्हता असे कोण म्हणेल? परंतु जोखीम एकाची आणि लाभ दुसऱ्याचा, ही चाल तेव्हापासूनची आहे.

दुसरे उदाहरण मुळशीचे. टाटांच्या जलविद्युत् कंपन्या एतद्देशीय भांडवलावर उभ्या राहिल्या. त्यांचे भाग घेणे हे त्या काळी स्वदेशीचे कार्य समजले जाई. परंतु मुळशीच्या धरणात मावळ्यांची भातखाचरे बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांच्यासारखी माणसे त्यात पडली, आणि बापटांस ‘सेनापती’ हे नाव तेथेच मिळाले. सत्याग्रह मोडला, धरण झाले, भिरा येथे वीज निघू लागली. मुंबईच्या गिरण्या आणि आगगाड्या त्या विजेवर चालल्या.  लोकांच्या रोषाने भागधारकांचे भांडवल बुडाले नाही.

पण रोषाने पैसा बुडतो, याचीही उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. दाभोळच्या वीजप्रकल्पाची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. करार १९९३ साली झाला, १९९५ साली राज्य शासनाने तो रद्द केला, नंतर पुन्हा केला. १९९९ साली वीज सुरू झाली आणि २००१ साली बंद पडली. ज्या एन्रॉन कंपनीचा भाग ऑगस्ट २००० मध्ये नव्वद डॉलरांवर होता, ती डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचे दिवाळे मुख्यतः तिच्याच खोट्या हिशेबांनी निघाले हे खरे. परंतु दाभोळला कर्ज देणाऱ्या आपल्या वित्तसंस्थांची रक्कमही त्या घोळात अडकली. रत्नागिरीत स्टरलाइटच्या तांबे कारखान्याचे काम १९९३ साली आंबा-काजूच्या बागायतदारांनी व मच्छीमारांनी बंद पाडले. कारखाना तामिळनाडूत तुतिकोरीनला गेला. तेथे २२ मे २०१८ रोजी पोलिसांच्या गोळीबारात १३ माणसे मेली आणि कारखान्यास टाळे लागले. लवासाची भागविक्री २०१० साली बेतली होती. त्याच वर्षी पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविले. ती विक्री कधीच झाली नाही आणि २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

ह्या दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या म्हणजे काय दिसते? लोकांची नाराजी कधी बाजारभावात उतरते, कधी उतरत नाही. म्हणून भाव वाढला एवढ्यावरून प्रकल्प न्याय्य ठरत नाही, आणि पडला एवढ्यावरून अन्याय्यही ठरत नाही. न्यायाचा ताळेबंद आपणच मांडावयास हवा.

कोणी म्हणेल, ‘‘आम्ही भाग घेतले नाहीत तर दुसरा घेईल, केंद्र थोडेच बंद पडणार?’’ ह्यात तथ्य आहे. बाजारात भाग घेतला तर आपला पैसा विकणाऱ्याकडे जातो, कंपनीकडे नव्हे. कंपनीस भांडवल मिळते ते प्रथम विक्रीच्या वेळी. परंतु भाग म्हणजे केवळ पावती नव्हे. तो मालकीचा अंश आहे. लाभांश घेताना मालक आणि राखेविषयी विचारले तर परका, असे दोन्हीकडून बोलता यावयाचे नाही. नॉर्वेच्या संसदेने २०१५ साली आपल्या राष्ट्रीय निवृत्तिनिधीस कोळशावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असलेल्या कंपन्या वगळण्यास सांगितले. दूर राहणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग आत राहून बोलण्याचा.

तो मार्ग आपल्यासारख्यांसही खुला आहे. एकच भाग असला तरी वार्षिक सभेची सूचना येते, मत देता येते, प्रश्न विचारता येतो. बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांस २०२२-२३ पासून सामाजिक जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. पाणी किती घेतले, परिसरातील लोकांच्या तक्रारी किती आल्या व किती मिटल्या, हे त्यात द्यावे लागते. भाव पाहण्यापूर्वी ती पाने वाचावीत. एन.टी.पी.सी.सारख्या कंपनीत निम्म्याहून अधिक भाग भारत सरकारचे असल्याने आपल्या मताने ठराव पडणार नाही. परंतु सरकार आपले असेल, तर नागरिक ह्या नात्याने आपण त्या कंपनीचे मालक एक भागही न घेता आहोतच. सभेत विचारलेला प्रश्न आणि ग्रामसभेत विचारलेला प्रश्न एकच असावा.

शेवटचा मुद्दा आम्हांस सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. जमिनीचा मोबदला घेऊन बसलेली कुटुंबे आपल्या समाजातही आहेत. मुळशीच्या मावळ्याची जमीनही गेली आणि मालकीही. त्याउलट पुण्याजवळ मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून स्वतःचीच कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. जमीन गेली, पण मालकी राहिली. अशी भागीदारी मिळत असेल तर ती मागावी. परंतु मिळालेला रोख मोबदला उचलून एकाच कंपनीच्या भागांत, मग ती शेजारचीच का असेना, घालू नये. तो पैसा म्हणजे शेताचे बदली रूप आहे. त्यातून आधी दुसरी जमीन, डोक्यावरचे छप्पर आणि मुलामुलींचे शिक्षण व्हावे. भागांत घालावयाची ती त्यानंतरची शिल्लक.

भाग घ्या अथवा घेऊ नका, असा फतवा आम्ही काढीत नाही. घेणाऱ्याने इतकेच पाहावे की, ज्याचे शेत त्या प्रकल्पात गेले त्याच्या ओसरीवर बसून आपल्यास हा व्यवहार मोकळेपणी सांगता येईल काय. सांगता येत असेल तर खुशाल घ्यावा. येत नसेल तर लाभांश कितीही मोठा असो, तो महागच पडला असे समजावे.