शब्द तोच, हिशेब वेगळा

आपल्या अमरावतीत ‘तो जेवून राहिला’ म्हटलं, की गडी आत्ता ताटावर बसलेला असतो. पुण्याच्या पाहुण्याला वाटतं, जेवण आटोपलं आणि हा मुक्कामालाच राहिला! शब्द दोघांचेही मराठीच. संगणकाच्या एका भाषेतला प्रोग्राम दुसऱ्या भाषेत नेताना अशीच फसगत होते.

मायक्रोसॉफ्टने मार्च २००७ मध्ये फॉक्सप्रोची यापुढे नवी आवृत्ती निघणार नाही, असं जाहीर केलं. पुढच्या वर्षी अकोल्यातल्या एका पतसंस्थेचा फॉक्सप्रोमधला प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक डॉट नेटमध्ये न्यायचं काम माझ्याकडे आलं. पैशांचा पूर्ण रुपया करणारी ‘राउंड’ ही आज्ञा दोन्हीकडे आहे. मी ती जशीच्या तशी उचलली.

तिमाहीचं व्याज काढलं आणि जुन्या यादीशी जुळेना. काही खात्यांत एकेक रुपया कमी, बाकीची चोख. लेखापालकाका म्हणाले, “हा रुपया काहून कमी आला बा?” चार दिवस मला उत्तर देता येईना.

कारण असं, की फॉक्सप्रो १२.५० चे १३ करतं आणि १३.५० चे १४. नवी भाषा मात्र, वेगळं बजावलं नाही तर, नेमका अर्धा आला की जवळची सम संख्या घेते. म्हणजे १३.५० चे १४ च, पण १२.५० चे १२! त्यामागेही विचार आहे. दर वेळी वरच ढकललं तर मोठी बेरीज फुगत जाते. पण संस्थेचा नियम पन्नास पैशांना पुढचा रुपया देण्याचा. खातेदाराचा तो रुपया कापायचा अधिकार मला कुणी दिला होता?

दुरुस्ती एका ओळीची निघाली. त्यानंतर तीन महिने दोन्ही प्रोग्राम शेजारी शेजारी चालवले आणि रोज संध्याकाळी याद्या ताडून पाहिल्या.

त्यात बरोबरीच्या चिन्हाची खोड सापडली. फॉक्सप्रोत, तशी मुभा ठेवलेली असली, तर पूर्ण नाव आणि त्याची सुरुवातीची अक्षरं ‘बरोबर’ धरली जातात. नव्या भाषेत शेवटच्या अक्षरापर्यंत जुळावं लागतं. खिडकीवरच्या बाईंनी सवयीने आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं टाइप केली. पडदा कोरा. त्या म्हणाल्या, “अकोल्यातले सारे देशमुख कुठं गेले बा?”