कापसाचा भाव छापून येतो, वेचाईचा दर का नाही?

(धामणगाव रेल्वे परिसरातील बचत गटांसाठी सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कोणी चुलीपुढं असाल, कोणी पऱ्हाटीत असाल. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका.

आजचा विषय तुमच्यातल्याच एका मावशीनं दिला. गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले, वही मिटली आणि ती म्हणाली, "काहून वं ताई, मुंबईत दोन तास पाऊस पडला का टीवीवाले दिवसभर तेच दाखवते. आपल्याकडं गारपिटीनं गहू झोपला, हरभरा गेला, तं खालच्या पट्टीतही नाही येत. आपला पाऊस काय पाऊस नाही?"

बाया हसल्या, पण प्रश्न हसण्यासारखा नाही. जी गोष्ट दिल्लीच्या टीव्हीवर येते तिच्यासाठी मंत्री येतात, समिती बसते, कधी पैसाही येतो. जी येत नाही तिच्यासाठी तलाठीसुद्धा दोनदा बोलवावा लागतो. म्हणून कोणती बातमी वर जाते आणि कोणती इथंच जिरते, हे आपल्याला ठाऊक पाहिजे. मी काही वर्षं एका पेपरला तालुक्याच्या बातम्या पाठवत होते. थोडं आतून पाहिलं आहे, तेवढं सांगते.

बातमीचा पहिला माणूस म्हणजे तालुक्याचा वार्ताहर. बहुतेकांना पगार नसतो. थोडं मानधन, आणि जाहिरात आणली तर तिचं कमिशन. पोळ्याला, दिवाळीला, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला शुभेच्छांच्या जाहिराती ज्यांच्याकडून आणायच्या, त्यांच्याच विरोधात एरवी लिहायचं, हे किती जणांना जमेल? तरी पुष्कळ जण लिहितात, हे मी मुद्दाम सांगते.

त्याची बातमी जाते अमरावतीच्या कार्यालयात. तिथं जिल्ह्याचं पान लागतं. आता गंमत बघा. पेपर एकच, नाव एकच, पण प्रत्येक जिल्ह्याचं पान वेगळं. धामणगावची बातमी अमरावतीच्या पानावर येते. वर्धा नदी ओलांडली की पान बदललं. पुलगावच्या बाईला आपलं काहीच वाचायला मिळत नाही, आणि आपल्याला तिचं. दोघींचं दुखणं एकच, पण दोघींनाही वाटतं की हे आपल्याच गावचं आहे. नागपूरला पान लावणाऱ्यासमोर दहा जिल्ह्यांतून असं सगळं येतं. तो एकच गोष्ट विचारतो, यात नवीन काय? मुंबईचा तेच विचारतो, दिल्लीचाही तेच.

शेतकऱ्यानं जीव दिला, ही पहिली बातमी असते. पन्नासावी आकडा असते. दोनशेवी बातमीच नसते. दुःख वाढत जातं आणि बातमी लहान होत जाते. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ ला बायको आणि चार मुलांसह जीवन संपवलं. तेव्हा सगळे हळहळले. पण एका घराची शोकांतिका म्हणून हळहळले. हे शेतीचं दुखणं आहे, हे मोठ्या पेपरांना दिसायला पुढं बरीच वर्षं लागली.

या सगळ्याचा हिशेब एकाच वर्षात बघायचा असेल तर २००६ साल घ्या. आपल्यातल्या पुष्कळ जणींना ते वर्ष आठवत असेल. त्या वर्षी मुंबईत लॅक्मे फॅशन वीक झाला. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा एक मोजदाद मांडली होती. त्या फॅशन सोहळ्याच्या बातम्या द्यायला ५१२ अधिकृत पत्रकार जमले होते, आणि तिथं मिरवत होते सुती कपडे. तो कापूस जिथं पिकतो त्या विदर्भात आत्महत्यांवर लिहायला राष्ट्रीय पेपरांचे पत्रकार होते जेमतेम सहा. कापूस एकच. त्याच्या कपड्याला पाचशे बारा, पिकवणाऱ्याला सहा.

१ जुलैला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात आपली अमरावती होती, अकोला होतं. पंतप्रधान आले म्हणून कॅमेरेही आले. त्याच महिन्यात हरियाणात कुरुक्षेत्र जिल्ह्यात एक पाच वर्षांचं पोरगं बोअरच्या खड्ड्यात पडलं. जवळजवळ ५० तास सगळा देश टीव्हीपुढं बसून होता. सैन्यानं त्याला जिवंत वर काढलं, फार चांगलं झालं. मीही डोळे पुसले होते. पण त्या बातमीत काय होतं ते बघा. एकच जीव, एकच खड्डा, कॅमेरा हलवायची गरज नाही, आणि पुढं काय होणार याची धाकधूक. आपल्या कर्जाला असा एक खड्डा नसतो, बाई. ते खतात असतं, बियाण्यात असतं, भावात असतं, पोरीच्या लग्नात असतं. त्याचं चित्र कसं काढणार?

त्यात पैशाची बाजू आहे. आपण पेपरला जे पाच-सहा रुपये देतो त्यात तो छापूनही होत नाही. खर्च निघतो जाहिरातींवर. जाहिरात देणाऱ्याला गाडी घेणारा, फ्लॅट घेणारा वाचक हवा असतो. टीव्हीचं तर आणखी उघड आहे. कोणता कार्यक्रम किती लोक पाहतात हे मोजायची यंत्रं काही घरांत बसवलेली असतात, त्यालाच टीआरपी म्हणतात. २०१५ च्या ऑक्टोबरपर्यंत ती मोजणी शहरापुरतीच होती, खेड्यातलं घर त्यात धरलेलंच नव्हतं. म्हणजे तुम्ही टीव्ही पाहत होता, पण हिशेबात तुम्ही तो पाहतच नव्हता. मग तुमच्या पावसाची बातमी कोण दाखवणार?

आणि रस्ता. हे माझं निरीक्षण आहे, पटलं तर घ्या. दिल्लीचा पत्रकार विमानानं नागपूरला उतरतो, भाड्याची गाडी करतो आणि संध्याकाळच्या विमानाला परत निघतो. एवढ्या वेळात जी गावं होतात, तीच पुन्हा पुन्हा दिसतात. नाल्यापलीकडच्या गावात पावसाळ्यात गाडी जात नाही, तिथली बाई कोणाला भेटतच नाही. आपल्या स्टेशनातून रोज किती गाड्या मुंबई-हावड्याला धडधडत जातात, पण बातमी गाडीत बसत नाही.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारून टाकलं. आई, मुलगी आणि दोन मुलगे. इतकी भयंकर गोष्ट, पण मोठ्या पेपरांत आणि टीव्हीवर ती कित्येक आठवडे नीट आलीच नाही. सुरुवातीच्या काही बातम्यांत तर त्या आईच्या चारित्र्याविषयीच लिहिलं गेलं. नोव्हेंबरात नागपूर, अमरावती आणि इतर शहरांत लोक रस्त्यावर आले, तेव्हा दिल्लीला कळलं की खैरलांजी नावाचं गाव आहे. याचं एक कारण नीट समजून घ्या. घटना घडली की वार्ताहर आधी पोलीस ठाण्यात फोन करतो. ठाण्यातून जे सांगितलं जातं, तेच दुसऱ्या दिवशी छापलं जातं, आणि वर जातं तेही तेच. मेलेल्या बाईची बाजू सांगायला कोणी नसतं. एकदा छापलेलं पुसायला महिने लागतात.

उलट कधीकधी बातमी एका क्षणात वर जाते. जुलै २००८ मध्ये लोकसभेत अणुकरारावरून विश्वासदर्शक ठरावाची चर्चा चालू होती. राहुल गांधींनी भाषणात कलावतीबाईंचं नाव घेतलं. यवतमाळ जिल्ह्यातलं जळका, मारेगाव तालुका. शेतकऱ्याची विधवा, कच्चंबच्चं घर. दुसऱ्या दिवसापासून तिच्या दारात गाड्यांची रांग. तिला मदत मिळाली, मिळायलाच पाहिजे होती. पण तिच्यासारख्या हजारो बाया त्याच जिल्ह्यात होत्या, त्यांच्या दारात कोणी उतरलं नाही. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, अमित शहांनी लोकसभेत पुन्हा तिचं नाव काढलं, आणि पुन्हा कॅमेरे जळक्याला. बातमी कलावतीबाईंची वाटत होती, पण ती होती नाव घेणाऱ्याची. मधल्या पंधरा वर्षांत तिथल्या बायांनी काय खाल्लं, काय पिकवलं, हे विचारायला कोण गेलं?

२०१७ ची गोष्ट तर ताजी आहे. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. पावसाळ्यातच दवाखान्यात रुग्ण यायला लागले होते. दिल्ली-मुंबईहून पत्रकार आले ऑक्टोबरात, मरणाऱ्यांचा आकडा पुरेसा वाढला तेव्हा. फवारणीचं पाणी डोक्यावर वाहून आणणारी, ते कपडे धुणारी बाई तर नंतरच्या बातम्यांतही क्वचित दिसली.

आता निराश होऊ नका, एक दुसरं उदाहरण सांगते. बीडच्या ऊसतोड बायांची गर्भपिशवी काढायची शस्त्रक्रिया लहान वयात होते, हे त्या भागात काम करणाऱ्या बाया आणि संघटना सांगत होत्या. "बाईचं दुखणं" म्हणून ते घरातच राहिलं. २०१९ च्या एप्रिलमध्ये एका इंग्रजी आर्थिक दैनिकात ते आलं. राष्ट्रीय महिला आयोगानं राज्याला नोटीस दिली, विधिमंडळात प्रश्न आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२ हजारांवर बायांची विचारपूस झाली आणि १३ हजारांवर बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. हा आकडा बाहेर आल्यावर कोणाला म्हणता येईना की हे चार-दोन बायांचं रडगाणं आहे.

म्हणजे बातमी वर न्यायला एक तर मोठ्या माणसाचं तोंड लागतं, नाही तर आकडा लागतो. मोठं तोंड आपल्या हातात नाही. आकडा आहे. पांढरकवड्याचे किशोर तिवारी आणि त्यांची विदर्भ जन आंदोलन समिती यांच्या राजकारणाबद्दल कोणाचं काहीही मत असो, आत्महत्यांची नोंद ठेवून ती पत्रकारांना सतत पाठवत राहायचं काम त्यांनी केलं. दिल्लीतला माणूस जेव्हा विचारायला लागला, तेव्हा त्याच्या हातात यादी तयार होती.

तुम्ही म्हणाल, ताई, मग आपला हा रेडिओ कशाला आहे? यावरच सांगा सगळं. तर ऐका. सरकारच्या नियमानं सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या आम्ही लावू शकतो. हवामान सांगू शकतो, परीक्षेची, यात्रेची माहिती देऊ शकतो. पण धामणगावच्या बाजारात आज काय भांडण झालं, ते बातमी म्हणून सांगू शकत नाही. मला हा नियम पटत नाही. ज्या रेडिओला गाव सगळ्यात चांगलं माहीत आहे, त्यानंच गावाची बातमी द्यायची नाही! पण नियम आहे तोवर आपण वहीनं काम करू.

गटाकडे हिशेब लिहायची सवय आहेच. कोणी किती भरले, कोणाचा हप्ता चुकला, सगळं तारखेनिशी असतं. तशीच दुसरी एक वही घाला. घरोघरी कर्ज वसुलीला येणारे किती वाजता आले, काय बोलले. दवाखान्यात डॉक्टर कोणत्या दिवशी नव्हते. अर्ज दिला तर त्यावर आवक क्रमांक मागून घ्या आणि तो लिहा. "खूप त्रास आहे" यानं पान लागत नाही. "चौदा गावं, तीन महिने, एकशेदहा बाया" असं सांगितलं की नागपूरचा माणूसही खुर्चीत सरळ होतो. आणि नदीपलीकडच्या गटालाही तीच वही ठेवायला सांगा. पेपरच्या पानाला जिल्ह्याची हद्द असते, आपल्या वहीला नसते.

एक जपायचं. पत्रकार आला म्हणजे तो मागेल ते द्यायचं असं नाही. नवऱ्याचा फोटो हातात धरून बसा, असं सांगतात. नको असेल तर नाही म्हणा. नाव छापू नका म्हणायचाही हक्क आहे. अत्याचाराच्या गुन्ह्यात तर पीडितेची ओळख छापायला कायद्यानंच बंदी आहे. आणि तुम्हाला कोणी "मृत शेतकऱ्याची पत्नी" म्हणून लिहून घेत असेल, तर सांगा की मीही शेतकरी आहे. सातबाऱ्यावर नाव नसलं की सरकारी कागदात बाई गृहिणी होते, शेतकरी होत नाही. तेच पेपरात येतं.

सुरुवात कशानं करायची, तेही मी ठरवून आले आहे. कापसाचा भाव रोज छापून येतो, टीव्हीवर येतो, मोबाईलवर येतो. वेचाईचा दर किलोला काय मिळाला, हे तुम्ही कधी वाचलंय? तो कापूस वेचतो कोण? बहुतेक आपणच. पहिल्या वेच्याला एक दर, दुसऱ्याला दुसरा. या गावात एक, शिवार ओलांडलं की वेगळा. कुठं वजनात मारतात, कुठं येण्याजाण्याचं भाडं कापतात. हे कोणाच्याच वहीत नाही. तर या हंगामात प्रत्येक गटानं दोन बाया नेमा. सीतादहीपासून उलंगवाडीपर्यंत दर आठवड्याला तारीख, शेत कोणत्या शिवारातलं, किती किलो वेचला, किलोला किती मिळाले, एवढं लिहा. शेतमालकाचं नाव लिहू नका, भांडणं नकोत. उलंगवाडी झाली की सगळ्या वह्या घेऊन तालुक्याला या, आपण बसून बेरीज करू.