ज्यांची नावे पाटीवर नाहीत
(जीर्णोद्धार सोहळ्याच्या सभेत केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. एस.एस.सी. झालेला, तालुका कचेरीतील एक साधा कारकून. पण गावाने आज्ञा केली, म्हणून दोन शब्द बोलतो.

आज श्रींचे मंदिर नवे झाले. कळस चढला, सभामंडपात फरशी बसली. देणगीदारांची नावे पाटीवर कोरली, ते योग्यच झाले. त्यांच्या पैशावाचून हे काम उभे राहिले नसते. पाच हजार व त्यावरील देणगीदारांचीच नावे घालावीत, असा ठराव झाला तेव्हा मीही हात वर केला होता. आज पाटी वाचताना मात्र माझेच मन मला खाऊ लागले. ज्या मायबहिणींनी रस्त्यापासून देवळापर्यंत वाळूची घमेली डोक्यावरून वाहिली, त्यांतली एकही त्या पाटीवर नाही.

आम्हा कचेरीतल्या माणसांना नोंदीची सवय. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. दरडी आल्या, आंबेनळी घाटाचा रस्ता तुटला, शेते वाहून गेली. त्या वेळी मी पंचनाम्याचे कागद लिहीत होतो. घर किती पडले, जमीन किती गेली, जनावरे किती दगावली, सगळ्याला रकाना होता. पण ज्याने शेजारच्या म्हातारीला पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडला, त्याला रकाना नव्हता. ज्या माउलीने दुसऱ्याचा संसार आपल्या घरात ठेवून घेतला आणि नाचणीची भाकरी वाटून खाल्ली, तिलाही रकाना नव्हता.

त्याच आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. मंडळी महाबळेश्वरला सहलीसाठी येत होती. तीस जणांचा अंत झाला, एकच जण वाचला. भर पावसात महाबळेश्वर ट्रेकर्सचे तरुण आणि पोलादपूरकडील माणसे सरकारी पथकांच्या बरोबरीने दोर लावून शेकडो फूट खाली उतरली. दुसऱ्या दिवसापर्यंत ते काम चालले होते. खाली त्यांच्या नात्याचे ना गोत्याचे कोणी नव्हते. तरी ती उतरली.

एवढे मोठे धाडस सर्वांना जमेल असे नाही. पण शिवसागरापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात आजारी माणसाला डोलीत घालून काठापर्यंत आणतात आणि मग लाँचने तापोळ्यास नेतात, हे आपण जाणतो. डोलीला चार खांदे लागतात. ते पैशाने येत नाहीत, हाकेने येतात. हाक ऐकून जो हातातले काम टाकून उठतो, तोही मोठाच.

आपल्या क्षेत्री पंचगंगेच्या मंदिरात पाच नद्यांचे पाणी गोमुखातून कुंडात पडते. एकदा पडले की कृष्णेचे कोणते आणि कोयनेचे कोणते, हे कोणी सांगावे? या मंदिरातही रुपया आणि घमेले असेच एकत्र झाले आहे.

म्हणून समितीपुढे दोन विनंत्या ठेवतो. पाटीच्या तळाशी थोडी जागा उरली आहे. तिथे ‘अंगमेहनत देणारे समस्त ग्रामस्थ’ एवढी एक ओळ कोरावी. तिचा खर्च मी देईन, मात्र त्याबद्दल माझे नाव घालू नये. दुसरे असे की, शिल्लक रकमेतून एक मजबूत दोर, एक स्ट्रेचर आणि दोन बॅटऱ्या घेऊन सभामंडपात ठेवाव्यात. रात्री-अपरात्री हाक आली, तर माणसाने प्रथम देवळाकडे धावावे आणि तिथून रिकाम्या हाताने परतू नये. माझ्या मते जीर्णोद्धार तेव्हाच पुरा झाला.

काही चुकले-माकले असेल तर लहान भाऊ समजून पदरात घ्यावे. माझे दोन शब्द संपवतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!