उंच गाडी आणि मागचें ओझें
(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



ज्यांचीं मुलेंबाळें आज अमेरिकेंत संसार थाटून बसलीं आहेत, अशा घरांतून ‘पिकअप’ हा शब्द आतां परका राहिलेला नाहीं. पुढें माणसांना बसावयाची जागा आणि मागें उघडा हौदा, अशी ही मोटार. १९२५ सालीं फोर्ड कंपनीनें आपल्या मॉडेल टी गाडीवर कारखान्यांतच असा हौदा बसवून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली, तेव्हां ती शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या कामाची होती. आज ती हौसेचीही वस्तु झाली आहे. हौस आणि काम यांचा मेळ नीट बसला नाहीं तर काय होतें, तें आज मला सांगावयाचें आहे.

मागें एका उन्हाळ्यांत मी कोलोराडोमध्यें पुतण्याकडे राहावयास गेलों होतों. त्यानें आपली पिकअप चार इंच उंच करून घेतली होती आणि ३१ इंचांचे टायर काढून ३५ इंचांचे बसविले होते. गाडी दिसावयास मोठी ऐटबाज! तिच्यामागें सहा हजार पौंड वजनाचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचें एक लहानसें बिऱ्हाडच, जोडून आम्ही डेन्व्हरहून पश्चिमेस निघालों. ११,००० फुटांहूनही उंच असलेला आयझेनहॉवर बोगदा ओलांडला आणि लांबच लांब, तीव्र उतार लागला. थोड्याच वेळांत मागचा ट्रेलर शेपटीसारखा डुलूं लागला. मुलांचा किलबिलाट एकदम थांबला. पुतण्यानें गाडीचा ब्रेक दाबला नाहीं. वेग सोडला आणि ट्रेलरचे ब्रेक तेवढे हातानें हळूहळू लावले, तेव्हां कुठें तो सरळ झाला. खालीं येऊन थांबलों तों तापलेल्या ब्रेकांचा वास नाकांत भरला. त्या रात्रीं आम्हीं कागद घेऊन हिशेब मांडला. तोच आपणांपुढें ठेवतों.

आपल्याकडच्या गाडीवानाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं. माल फार मागें भरला तर बैलगाडी उलाळते आणि फार पुढें भरला तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. ट्रेलरलाही हाच न्याय. त्याच्या एकंदर वजनाचा शेंकडा १० ते १५ भाग जोडणीच्या गोळ्यावर पडावा लागतो. कमी पडला कीं ट्रेलर डुलूं लागतो. आमचें जड सामान मागें भरलें होतें. शिवाय पिकअप उंच झाल्यामुळें गोळाही वर गेला होता, आणि तितकाच खालीं उतरणारा दांडा लावावयाचें राहून गेलें होतें. त्यामुळें ट्रेलरचें नाक वर व शेपूट खालीं.

आतां वजनाचें पाहूं. सहा हजार पौंडांच्या ट्रेलरचा गोळ्यावरील भार ६०० ते ९०० पौंड असावयास हवा; आपण ७०० धरूं. हा भार पिकअपनें नुसता ओढावयाचा नसतो, पाठीवर वाहावयाचा असतो. तिच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर माणसें व सामान मिळून १,५०० पौंडांची मर्यादा छापलेली होती. आम्हां पांच जणांचे ७००, हौद्यांतील सामानाचे २०० आणि गोळ्यावरचे हे ७००, मिळून १,६०० झाले! म्हणजे ट्रेलर नीट भरला असता तरी मर्यादा ओलांडलीच असती. जाहिरातींत ओढण्याचा मोठा आंकडा असतो. पण बहुधा तो गांठण्यापूर्वींच वाहण्याची शक्ति संपते. कमानी उंच केल्यानें ही मर्यादा एका पौंडानेंही वाढत नाहीं. मोठ्या चाकांच्या वजनानें उलट ती घटते.

टायरांची गोष्टही अशीच. ३१ चे ३५ इंच झाले म्हणजे घेर शेंकडा १३ नें वाढला. वेगदर्शक कांटा ६० दाखवितो तेव्हां गाडी ताशीं ६८ मैलांनीं धांवत असते. मागच्या आंसांतील ३.७३ चें दांत्यांचें प्रमाण ३.३० असल्यासारखें होतें. चढावर इंजिन व गियरपेटी तापतात, उतारावर इंजिनाचा आवर कमी पडतो आणि सारा ताण ब्रेकांवर येतो. त्यांतच गाडीचा गुरुत्वमध्य वर गेलेला, म्हणून वळणावर ती कलंडण्याचें भय अधिक.

मग गाडी उंच करूंच नये काय? खांचखळग्यांच्या वाटेनें जाणाऱ्यानें ती अवश्य करावी. पण एक गोष्ट बदलली कीं तिच्यामागून येणाऱ्या दहा गोष्टी बदलाव्यात. कांटा नव्या टायरांस जुळवून घ्यावा, आंसाचे दांते बदलावे, चाकांची सरळ रेषा व दिव्यांचा रोख तपासावा. कमानी बांधणारे बोल्ट नवे घालावे आणि कांहींशें मैल चालल्यावर पुन्हां आंवळावे. गियरपेटीचें तेल वेळेवर बदलावें, ट्रेलरच्या चाकांच्या बेअरिंगांना वंगण द्यावें आणि त्याचे ब्रेक प्रत्येक प्रवासापूर्वीं लावून पाहावे. लांब उतारावर आधींच खालच्या गियरांत यावें. आपल्याकडे तर कायद्याचेंही बंधन आहे: मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वये कारखान्याच्या मूळ नमुन्यांत मनमानी फेरफार करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानेंही २०१९ सालीं तेंच स्पष्ट केलें आहे.

पुतण्यानें पुढें जुने टायर परत बसविले, योग्य दांडा घेतला आणि हौद्यांतलें सामान घरीं ठेवलें. ट्रेलर जोडण्यापूर्वीं तो आतां वजनकांट्यावर जाऊन येतो. गाडी पूर्वींइतकी ऐटदार दिसत नाहीं, असें त्याचा धाकटा मुलगा म्हणतो. परंतु दुसऱ्या खेपेस त्याच उतारावर तो मुलगा मागच्या बाकावर निर्धास्त झोपला होता, हें मीं स्वतः पाहिलें आहे.