विजेचा कोयंडा

दार ही वस्तू इतकी नित्याची, की ते अडल्याखेरीज आपण त्याचा विचार करीत नाही. आमच्या इमारतीत मात्र हा विचार करण्यासाठी एकदा रहिवाशांची सभा भरली. खालच्या दाराला कुलूप घालायचे, तर प्रत्येक बिऱ्हाडाला किल्ली हवी. आणि एक किल्ली हरवली, की कुलूप बदलून सर्वांना नव्या किल्ल्या द्यायच्या. त्यापेक्षा कार्ड दाखविताच उघडणारे विजेचे साधन बसवावे, असे ठरू लागले. कोणते साधन बळकट आणि कोणते स्वस्त, याची चर्चा रंगली असता वरच्या मजल्यावरील एका वृद्ध बाईंनी विचारले, “रात्री वीज गेली, तर मी बाहेर कशी पडायची?” सभा क्षणभर गप्प झाली. खरे पाहता सर्वांत आधी विचारायला हवा होता तो हाच प्रश्न.

परक्याला आत येऊ न देणे हे दाराचे एक काम. आतल्या माणसाला बाहेर जाऊ देणे हे दुसरे. पहिल्याच्या भरात दुसऱ्याचा विसर पडतो. रायगडच्या हिरकणीची आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. सांजवेळी गडाचे दरवाजे लागले ते शत्रूसाठी; पण अडली ती तान्हे मूल घरी ठेवून आलेली गवळण. ती कडा उतरून गेली, म्हणून तिच्या नावाचा बुरूज झाला, असे सांगतात. परंतु कडा सर्वांनाच उतरता येत नाही. न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्याला २५ मार्च १९११ रोजी आग लागली, तेव्हा नवव्या मजल्यावरून जिन्याकडे जाणारे एक दार कुलूपबंद होते. त्या आगीत १४६ जणांचा बळी गेला. त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या.

आता आपल्या साधनाकडे वळू. बाजारात त्याला इलेक्ट्रिक स्ट्राइक म्हणतात. आपल्या कडी-कोयंड्याच्या जोडीत कडी दाराला आणि कोयंडा चौकटीला असतो. येथेही तसेच आहे. कुलूप दारावर असते आणि त्याची जीभ चौकटीतील खाचेत अडकते. साध्या चौकटीत ही खाच अचल असते. विजेच्या कोयंड्यात तिची एक बाजू फिरती असते. कार्ड ओळखले गेले, की विद्युतचुंबकाचा प्रवाह बदलतो, त्या बाजूचा अटकाव सुटतो, आणि दाराला हात लावताच ती वळून जिभेला वाट देते. जीभ स्वतः मागे सरत नाही. दार मिटताना जिभेचा उतार खाचेच्या कडेवरून घसरतो आणि ती पुन्हा आत बसते. म्हणून दार आपोआप मिटविणारा क्लोझर सोबत हवाच.

या रचनेचा मोठा गुण असा, की आतली मूठ फिरविली म्हणजे जीभ नेहमीप्रमाणे मागे ओढली जाते. त्यासाठी विजेची गरज नाही.

निवड करताना दोन प्रकार समोर येतात. फेल-सिक्युअर प्रकारात प्रवाह मिळाला की कोयंडा सुटतो. वीज गेली तर दार बाहेरून बंदच राहते, आतून मात्र मुठीने उघडते. फेल-सेफ प्रकारात प्रवाह अटकाव धरून ठेवतो. वीज गेली की दार बाहेरूनही उघडे होते. येथे ‘सेफ’ हा शब्द मालमत्तेविषयी नाही, हे ध्यानात ठेवावे. आग थोपविण्यासाठी बसविलेल्या दाराला हा दुसरा प्रकार लावू नये. आगीच्या वेळी त्या दाराची जीभ चौकटीत अडकलेलीच राहिली पाहिजे, नाहीतर दार उघडून धूर आणि ज्वाळा पसरतात. इमारतीच्या मुख्य दाराला सामान्यतः पहिला प्रकार योग्य. मात्र आतली मूठ किल्लीवाचून फिरणारी हवी, आणि वीज नसताना बाहेरून येणाऱ्यांसाठी एखादी साधी किल्ली व बॅटरीची सोय हवी.

बसविण्याच्या कामात पहिली तपासणी दाराची करावी, यंत्राची नव्हे. बिजागरी सैल होऊन दार खाली बसले असेल, किंवा पावसाळ्यात लाकूड फुगत असेल, तर जीभ खाचेच्या बाजूवर सतत दाबून राहते; मग प्रवाह मिळूनही कोयंडा सुटत नाही. दोष यंत्राला दिला जातो, अपराध दाराचा असतो. कुलूप पाहूनच कोयंडा घ्यावा. दारावर वरून बसविलेल्या नाइट लॅचचा कोयंडा वेगळा, दाराच्या जाडीत कोरून बसविलेल्या कुलपाचा वेगळा. काही कुलपांत जिभेशेजारी एक छोटी खुंटी असते. दार मिटल्यावर ती पट्टीवर दाबलेली राहिली पाहिजे. ती खाचेत पडली, तर पातळ पत्र्यानेही जीभ मागे सारता येते.

तारेतही काटकसर नको. १२ व्होल्टचा कोयंडा अर्धा अँपिअर प्रवाह घेत असेल आणि तो ३० मीटर दूर असेल, तर अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन सुमारे १ व्होल्ट खर्ची पडतो. म्हणून दाब मोजायचा तो कोयंड्याशी आणि तो चालू असताना. एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या कोयंड्याच्या वेटोळ्याला उलट दिशेने एक डायोड जोडावा; प्रवाह तुटताना उसळणारा दाब त्यात जिरतो आणि कार्ड वाचणारे यंत्र बिघडत नाही.

एवढे करूनही रात्री कोणी आतून साखळी घालून कुलूप लावले, तर सारे व्यर्थ आहे. ही सवय आमच्याकडेही होती. ती मोडायला यंत्र बसविण्याहून अधिक दिवस लागले.

काम पुरे झाले त्या संध्याकाळी आम्ही मुख्य कळ बंद केली आणि त्या बाईंना खाली बोलाविले. अंधारात त्यांनी मूठ चाचपली, फिरविली आणि दार उघडून त्या बाहेर ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. कारागिराची उरलेली रक्कम त्यानंतर चुकती केली. आपल्या दारी असे साधन येईल, तेव्हा आपणही हाच क्रम ठेवावा.