परदेशांतून आलेली चित्रफीत



आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं, पोटमाळ्यावर किंवा लोखंडी कपाटाच्या तळाशीं, काळ्या व्हिडिओ कॅसेटींचा एखादा गठ्ठा अद्याप पडून असेल. कोणाचें लग्न, कोणाची मुंज, आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची शांत; आणि त्यांतच अमेरिकेहून मुलानें किंवा मुलीनें पाठविलेली एखादी कॅसेट. नातवाचा पहिला वाढदिवस, दारांत साचलेला बर्फ, नव्या घराची वास्तुशांत. या शेवटल्या कॅसेटीविषयीं मला आज विशेषेंकरून बोलावयाचें आहे. १९६५ च्या नव्या कायद्यानें अमेरिकेचें दार उघडलें आणि पुढें आपलीं कितीतरी मुलें तिकडे स्थायिक झालीं. त्यांनीं मोठ्या हौसेनें घेतलेलीं चित्रें येथल्या यंत्रांत घातलीं कीं पडद्यावर चित्र खालींवर घरंगळत राही, मध्येंच फाटे, रंग तर बहुधा येतच नसत. नातवाचा आवाज ऐकावा तर तो एखाद्या थकलेल्या माणसासारखा जड आणि लांबलेला. उलट येथली कॅसेट तिकडे गेली म्हणजे आजीचा आवाज चिरका व घाईचा होई. पेटी तीच, फीत तीच अर्ध्या इंच रुंदीची. मग बिघाड कोठला?

बिघाड कोठेंच नव्हता. कागद तोच, शाईही तीच, परंतु लिपि निराळी होती. मोडी न येणाऱ्या माणसाच्या हातीं मोडींतलें पत्र पडावें, तसें त्या यंत्राचें झालें होतें.

ही लिपि दोन प्रकारची कां झाली, हें समजून घेण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. दूरचित्रवाणीचें चित्र छायाचित्रासारखें एकदम उमटत नाहीं. तें ओळीओळीनें रेखाटलें जातें. तेंही एका दमांत नव्हे. आधीं एकाआड एक ओळी काढावयाच्या आणि मग मधल्या राहिलेल्या भरावयाच्या. अशा दोन अर्धचित्रांचें मिळून एक पूर्ण चित्र होतें. अमेरिकेनें १९४१ सालीं ठरविलें कीं चित्रांत ५२५ ओळी असाव्या आणि एका सेकंदांत ६० अर्धचित्रें, म्हणजे ३० पूर्ण चित्रें, दाखवावीं. ६० च कां? तर तिकडच्या घरगुती विजेचा प्रवाह सेकंदास ६० आवर्तनें घेतो. त्या काळच्या यंत्रांत विजेचा हा ठेका चित्रांत शिरे, आणि चित्राची गति त्याच्याशीं जुळलेली नसली तर पडद्यावर एक काळसर पट्टा सारखा सरकत राही. युरोपांत आणि आपल्याकडे विजेचीं आवर्तनें ५०. म्हणून इकडे अर्धचित्रेंही ५० ठरलीं, आणि गतींत जें वांचलें तें ओळींत खर्च झालें: ओळी ६२५. गुणाकार करून पाहण्यासारखा आहे. ५२५ गुणिले ३० म्हणजे १५,७५०. ६२५ गुणिले २५ म्हणजे १५,६२५. दोघांचे कष्ट जवळजवळ सारखेच. एकानें ते चपळाईवर खर्चिले, दुसऱ्यानें बारकाव्यावर. (जपानची मात्र गंमत आहे. तेथें टोकियोकडे वीज ५० आवर्तनांची आणि ओसाकाकडे ६० ची. चित्र मात्र सर्वत्र अमेरिकन पद्धतीचें.)

त्यांत रंग आले. अमेरिकेनें १९५३ च्या डिसेंबरांत एन्.टी.एस्.सी. ही रंगीत पद्धति मान्य केली. वाटेंत लहरींचा तोल थोडा जरी ढळला तरी त्या पद्धतींत चेहऱ्याचा रंग पालटे. कधीं हिरवट, कधीं जांभळट. या चार शब्दांच्या नांवाची आद्याक्षरें घेऊन ‘कधींही तोच रंग नाहीं’ असा अर्थ तिकडच्या तंत्रज्ञांनींच थट्टेनें बसविला होता. जर्मनींतील टेलिफुंकेन कंपनीच्या वाल्टर ब्रूख यांनीं यावर सोपी तोड काढली आणि १९६३ च्या आरंभीं ती जाणकारांपुढें मांडली. दर एकाआड एका ओळींत रंगाचा एक घटक उलटा करून पाठवावयाचा. म्हणजे एका ओळींत रंग जितका एका बाजूस कलेल, तितकाच पुढच्या ओळींत दुसऱ्या बाजूस कलेल, आणि दोहोंची बेरीज खऱ्या रंगावर येईल. हीच पॅल पद्धति. फ्रान्सनें सेकाम नांवाची तिसरी चूल मांडली, पण तिचा आपल्याशीं फारसा संबंध आला नाहीं. आपल्याकडे दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ ला आणि मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ ला दूरचित्रवाणी सुरू झाली ती ६२५ ओळींनींच. १९८२ सालीं रंग आले ते पॅलचे. म्हणून दुबईची कॅसेट पुण्यांत बिनतक्रार चाले, न्यू जर्सीची चालत नसे. अंतराचा येथें कांहीं संबंध नव्हता.

जपानच्या जेव्हीसी कंपनीनें १९७६ सालीं व्हीएचएस कॅसेट बाजारांत आणली तेव्हां ही वांटणी पक्की झालेली होती. यंत्रांत एक तिरपें दंडगोल गरगर फिरत असतें आणि त्यावरील शीर्षें फितीवर तिरप्या रेघा ओढीत जातात. एक रेघ म्हणजे एक अर्धचित्र. अमेरिकन यंत्रांत हें दंडगोल मिनिटास सुमारें १,८०० फेरे घेतें, आपल्या यंत्रांत १,५००. फीतही तिकडे सेकंदाला ३३.३५ मिलिमीटर सरकते, इकडे २३.३९. म्हणून तर टी-१२० असा शिक्का असलेली अमेरिकन कॅसेट तिकडे दोन तास पुरे, आणि तीच कोरी कॅसेट आपल्या यंत्रांत घातली तर पावणेतीन तासांहून अधिक चाले. आपल्याकडच्या कॅसेटवर ई-१८० असा शिक्का असे. घरांतील कॅसेटी निवडतांना हा शिक्का उपयोगी पडतो. परंतु त्यावर फार विसंबूं नये. अमेरिकेहून आणलेल्या कोऱ्या कॅसेटवर येथल्या कॅमेऱ्यानें लग्न उतरविलेलें असूं शकतें. लिपि पेटींत नसते, लिहिण्यांत असते.

यावर लोकांनीं काय उपाय केले? आखातांतून येणाऱ्या पाहुण्यांबरोबर ‘मल्टिसिस्टिम’ व्हीसीआर आले. हें यंत्र दोन्ही लिप्या वाचतें, पण भाषांतर करीत नाहीं. ६० अर्धचित्रें ६० च ठेवून तें टीव्हीकडे सोपवितें, आणि टीव्हीला तीं पेललीं तर चित्र दिसतें. खरें रूपांतर करावयाचें तर चित्र क्षणभर कोठेंतरी सांठवून नव्या मापानें पुन्हां लिहावें लागतें, आणि तें दीर्घकाळ केवळ मोठ्या प्रक्षेपण संस्थांनाच शक्य होतें. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकचीं चित्रें युरोपास दाखवितांना बीबीसीनें असें यंत्र वापरलें. पुढें पॅनासॉनिक आणि सॅमसंग यांनीं रूपांतराची सोय असलेले घरगुती व्हीसीआरही काढले. ते महाग होते, म्हणून बहुतेकांनीं दुकानाची वाट धरली. कांहीं दुकानांत काम नीट होई. कांहीं ठिकाणीं मात्र टीव्हीवर कॅसेट लावून समोर कॅमेरा उभा करीत आणि त्यालाच ‘कन्व्हर्शन’ म्हणून पैसे घेत. अशा प्रतींत चित्र लुकलुकतें, कडा वाकलेल्या दिसतात, आणि कधीं कधीं पडद्याच्या कांचेंत दुकानांतील दिवाही दिसतो.

परंतु उत्तम यंत्रानें केलेलें रूपांतर देखील फुकट होत नाहीं, हें मला आग्रहानें सांगावयाचें आहे. ६० चीं ५० करतांना दर सहा अर्धचित्रांतून एक नाहींसें करावें लागतें. मग आरतीचें तबक ओवाळणारा हात अडखळत फिरतो. तें टाळण्यासाठीं शेजारचीं चित्रें एकमेकांत मिसळलीं तर त्याच हातामागें दुसरा अंधुक हात दिसूं लागतो. ओळींचेंही तसेंच. आपल्या चित्रांतील प्रत्यक्ष दिसणाऱ्या ओळी ५७६, अमेरिकनांतील सुमारें ४८०. येथली कॅसेट तिकडच्यासाठीं बदलली कीं उभ्या बारकाव्याचा सहावा हिस्सा गेला. उलट दिशेनें बदलली तर ४८० च्या ५७६ होतात खऱ्या, पण कॅमेऱ्यानें जें टिपलेंच नाहीं तें त्या वाढीव ओळींत कोठून येणार? शिवाय फितीवरून फितीवर उतरवितांना प्रत्येक वेळीं रंग पसरतात आणि गोंगाट वाढतो, तें निराळेंच.

त्या काळीं हा तोटा सोसणें भाग होतें. आजीला नातू पाहावयाचा होता, आणि दुसरा मार्ग नव्हता. आज ती अडचण उरलेली नाहीं. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्याला २५ चित्रेंही चालतात आणि ३० हीं चालतात, ४८० ओळीही आणि ५७६ ही. म्हणून जुन्या कॅसेटी आतां संगणकांत उतरवून घेतांना रूपांतर मुळींच करूं देऊं नये. अमेरिकन कॅसेट अमेरिकन मापानेंच उतरावी, आपली आपल्या मापानें. कित्येक दुकानदार संवयीनें सर्वच कॅसेटी पॅलमध्यें करून देतात आणि तें काम ‘चांगलें’ म्हणून सांगतात. त्यांस आधींच स्पष्ट बजावावें. तयार झालेली फाइल मागून घ्यावी, नुसत्या डीव्हीडीवर समाधान मानूं नये. डीव्हीडींतही पॅल आणि एन्.टी.एस्.सी. हा भेद असतोच.

दुसरी गोष्ट मूळ कॅसेट शोधण्याची. समजा, १९८९ सालीं नाशिकास झालेल्या लग्नाची कॅसेट बदलून अमेरिकेंतील बहिणीस पाठविली. आज ती बहीण मोठ्या उत्साहानें आपल्याजवळची प्रत संगणकांत उतरविते आणि सर्व नातेवाइकांस पाठविते; सर्वांना वाटतें, काम झालें. वास्तविक ती रूपांतरित प्रत आहे, आणि मूळ कॅसेट नाशिकच्या माळ्यावर बुरशी खात पडली आहे. तिकडच्या कॅसेटी तिकडे आणि इकडच्या इकडे उतरविणें हेंच सोयीचें, कारण त्या त्या पद्धतीचीं यंत्रें तेथेंच सांपडण्याचा संभव अधिक. आणि हीं यंत्रें आतां नवीं होत नाहींत. अमेरिकेंतील मोठ्या केंद्रांचें जुन्या पद्धतीचें प्रक्षेपण १२ जून २००९ रोजीं थांबलें, आणि व्हीसीआर बनविणारी जपानची फुनाई कंपनी २०१६ च्या जुलैंत त्या धंद्यांतून निघाली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनि संग्रहालयानें २०१५ सालींच इशारा दिला होता कीं २०२५ पर्यंत ज्या फिती उतरविल्या जाणार नाहींत, त्यांतील बहुतेक गमावल्याच म्हणून समजाव्या. ती मुदत होती, तिचा दिवस नेमका मोजण्याचें कारण नाहीं. पण कॅसेट उघडून पाहण्यास चातुर्मास संपण्याची वाट पाहूं नये.

मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत बुरशी विशेष. पेटीच्या पारदर्शक खिडकींतून फितीच्या गुंडाळीवर पांढुरकी भुकटी दिसली तर ती कॅसेट यंत्रांत घालूं नये. फीत तुटते ती तुटतेच, आणि यंत्रांत राहिलेली बुरशी पुढच्या कॅसेटीस लागते. ती आधीं जाणत्या माणसाकडून स्वच्छ करून घ्यावी.

ज्यांची मूळ कॅसेट खरोखरच हरवली आहे त्यांनीं हातीं असलेली प्रत, मग ती पडद्यासमोर कॅमेरा धरून केलेली कां असेना, आहे त्या मापानें उतरवून घ्यावी. ती उलट फिरवून ‘मूळ’ करण्याच्या फंदांत पडूं नये. फाइलीच्या नांवांत ‘प्रत’ एवढा शब्द लिहून ठेवावा. मूळ कॅसेट पुढेंमागें एखाद्या चुलत भावाच्या माळ्यावर सांपडेलही.