लहान कारखानदार आणि शेअरबाजार

कोल्हापुरांतील एखादा फाउंड्रीवाला नवी भट्टी घालावयास निघाला म्हणजे प्रथम बँकेच्या पायऱ्या चढतो. बँक विचारते, तारण काय? घर, जागा, पत्नीचे दागिने, सारें आधींच गहाण पडलेलें असतें. शिवाय भट्टी पेटण्यापूर्वींच कर्जाचे हप्ते सुरू होतात. भागभांडवलाचें तसें नाहीं. शेअर घेणारा हप्ता मागत नाहीं. तो नफ्यातोट्याचा वाटेकरी होतो.

असा पैसा मोठ्या शेअरबाजारांत लहानांच्या हातीं लागेना, म्हणून १९९० सालीं 'ओव्हर द काउंटर एक्स्चेंज' ही संस्था निघाली. १९९२ मध्यें तिचे व्यवहार सुरू झाले. परंतु घेतलेला शेअर पुढें विकावयाचा कोणाला, या एका प्रश्नानें तिचा घात केला. गिऱ्हाईक नाहीं म्हणून माल नाहीं, माल नाहीं म्हणून गिऱ्हाईक नाहीं! २०१५ सालीं ती मिटली.

दरम्यान २०१२ सालीं मुंबई शेअरबाजार व राष्ट्रीय शेअरबाजार यांनीं लहान कंपन्यांसाठीं निराळीं दालनें उघडलीं. तेथें 'मार्केट मेकर' हा मध्यस्थ सक्तीचा झाला. खरेदी व विक्री दोहोंचे भाव त्यानें तीन वर्षें देत राहावयाचे. अर्जाची किमान रक्कम एक लाख रुपये ठरली. ज्याला नुकसान सोसणार नाहीं त्यानें या वाटेस जाऊं नये, हा हेतु.

संकट आलें तें मात्र उलट्या बाजूनें. ऑगस्ट २०२४ मध्यें दिल्लीच्या एका दुचाकी विकणाऱ्या कंपनीनें सुमारें १२ कोटींचे शेअर विक्रीस काढले. दुकानें दोन, नोकर आठ. मागणी आली सुमारें ४,८०० कोटींची! एवढ्या अर्जदारांपैकीं कितीजणांनीं तिचा ताळेबंद उघडला असेल? पहिल्याच दिवशीं विकून मोकळें व्हावें, याहून दूरचा विचार फारसा दिसत नाहीं.

२०२५ मध्यें 'सेबी'नें नियम आवळले. अर्जाची रक्कम दोन लाखांवर गेली. जुन्या मालकांनीं स्वतःचे शेअर विकण्यास एकूण विक्रीच्या २० टक्क्यांची मर्यादा आली, आणि ही अट सर्वांत मोलाची. कारण जमलेला पैसा भट्टीकडे जावयाचा, मालकाच्या खिशांत नव्हे. मागील तीनपैकीं दोन वर्षांत व्याज, घसारा व कर यांपूर्वींचा नफा किमान एक कोटी हवा, ही अट मात्र दुधारी आहे. एवढा नफा होण्यास मोठी भट्टी लागते, आणि ती घालण्यासच तर तो फाउंड्रीवाला निघाला होता. त्याला तूर्त बँकेचीच वाट आहे.